तांडेल आणि तीन डेटाबेस

"ती दुसरी नको हो, सर. तांडेललाच पाठवा."

प्लायवूडच्या पार्टिशनच्या पलीकडे आमचे क्लायंट बर्फशेठ सरांशी बोलत होते आणि अलीकडे मी बसले होते. आमच्या ऑफिसातलं ते पार्टिशन फक्त दिसण्यापुरतं आहे. पलीकडे कुणी कप खाली ठेवला तरी अलीकडे कळतं. शेठ पुढे म्हणाले, "हुशार असेल, नाय म्हणत नाय मी. पण ती नुसती बघत राहते. मग मला वाटायला लागतं, माझंच कायतरी चुकलं."

सर हसले. 'ती दुसरी' म्हणजे मी. तांडेल माझ्या शेजारच्याच खुर्चीवर दोन्ही पाय वर घेऊन बसली होती आणि मी घरून आणलेले घावणे खात होती. तिनेही सगळं ऐकलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, बोट चाटलं आणि हळू आवाजात, म्हणजे तिच्या हळू आवाजात, म्हणाली, "मनावर घेऊ नको गो. चटणी मस्त झालीय."

तांडेल म्हणजे मच्छीमार होडीचा मुख्य माणूस. जाळं कुठे टाकायचं, कधी ओढायचं, कधी माघारी फिरायचं ते तो ठरवतो आणि बाकीचे खलाशी ऐकतात. तिचे वडील खरोखरचे तांडेल होते. ती मात्र रत्नागिरीतच कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागली होती, माझ्या काही वर्षं आधी. नाव सरांनी पाडलं. एकदा भर दुपारी ऑफिसातली वीज गेली, सर्व्हरचा यूपीएस किंचाळायला लागला आणि सगळे उभे राहून एकमेकांकडे बघायला लागले. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "सर, तुम्ही सर्व्हर बंद करा. तू क्लायंटला फोन लाव. नि तू नुसता उभा राहू नको, पावसाचं आत येतंय, खिडकी लाव." सरांनी निमूटपणे सर्व्हर बंद केला आणि मग म्हणाले, ही आमची तांडेल. तेव्हापासून बंदरावरचे लोकसुद्धा तिला त्याच नावाने ओळखायला लागले. मी तिला कुठल्याच नावाने हाक मारली नाही. 'ताई' म्हणायची इच्छा नव्हती आणि 'तांडेल' म्हणणं म्हणजे तिची आज्ञा मान्य करणं. काही सांगायचं असलं की मी तिच्या टेबलाशी जाऊन उभी राहायचे. ती मान वर न करता म्हणायची, "बोल, कॉन्व्हेंट."

कॉन्व्हेंट हे तिने मला दिलेलं नाव. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, कॉन्व्हेंट मुळीच नव्हती, पण ती दुरुस्ती करायला मी कधी तोंड उघडलं नाही. घरी आम्ही मराठीच बोलतो. तरी परक्या माणसासमोर माझ्या डोक्यात वाक्य आधी इंग्रजीत तयार होतं, मग त्याचं मराठी होतं, मग ते मराठी बरोबर आहे का हे मी तपासते, आणि तोवर समोरचा माणूस चहा संपवून उठलेला असतो. तांडेलचं असं काही नव्हतं. तिच्या डोक्यात आणि तोंडात अंतरच नव्हतं. फोनवर ती क्लायंटशी इतक्या मोठ्याने बोलायची की खालच्या हार्डवेअरच्या दुकानातलं गिऱ्हाईक वर बघायचं. "काका, माऊस हलवा. हलवला? आता तो बाण कुठं गेला? खिडकीबाहेर नाय ना गेला?" काका पलीकडे हसत असायचे. माझ्याशी फोनवर बोलताना काका हसल्याचं मला आठवत नाही. ते "बरं मॅडम" म्हणायचे आणि दहा मिनिटांनी तिला फोन करायचे.

मला तिचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी तिच्याविषयी चांगलं लिहिलं तर ते तिने मिळवलेलं आहे, मी दिलेलं नाही, हे कळेल.

बर्फशेठचं काम आमच्याकडे आलं तेव्हा ते दोघींना मिळून दिलं गेलं. शेठचे तीन धंदे. बंदरावर बर्फाचा कारखाना, जेटीवर डिझेलचा पंप, आणि मासळी विकत घेऊन, गोठवून बाहेर पाठवणारी कंपनी. प्रत्येक धंद्याचं सॉफ्टवेअर वेगळ्या काळी, वेगळ्या माणसाकडून घेतलेलं. त्यामुळे डेटाबेस तीन आणि तिघांची तऱ्हा वेगळी. शेठना बर्फाच्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर एकच स्क्रीन हवा होता. गिऱ्हाईक समोर आलं की त्याने उचललेला बर्फ, भरलेलं डिझेल आणि घातलेली मासळी एकत्र दिसली पाहिजे. जुनी सॉफ्टवेअर मात्र बंद करायची नव्हती. म्हणजे आम्ही एक डेस्कटॉप ॲप्लिकेशन लिहायचं आणि त्याने एकाच वेळी तिन्ही डेटाबेसशी बोलायचं. मध्ये ओआरएम बसवायचा.

ओआरएम हा प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्या मधला थर. प्रोग्राममध्ये आपण नुसतं 'होडी' म्हणायचं, तो त्या त्या डेटाबेसला त्याच्या भाषेत विचारून होडी आणून देतो. हे मी शेठना समजावायला गेले तेव्हा 'थर' हा शब्द मला आठवला नाही. मी 'लेयर' म्हणाले, मग 'ॲबस्ट्रॅक्शन' म्हणाले, आणि शेठनी उठून पंखा वाढवला. तेव्हा तांडेल पुढे सरकली. "शेठ, लग्न जमवणारा काका असतो ना? मुलीकडच्यांशी मुलीकडच्यांसारखं बोलतो, मुलाकडच्यांशी मुलाकडच्यांसारखं. त्यांना एकमेकांचं कळायची गरज नाय. काका मधे हाय."

"आणि काका खोटं बोलला तर?" शेठ म्हणाले.

"म्हणून तर काकावर लक्ष ठेवायला आम्ही दोघी."

काम मंजूर झालं. मी घरी जाऊन ती उपमा तपासली. लग्न दोन घरांचं असतं, इथे घरं तीन. शिवाय काका एकदा लग्न जमवतो आणि जातो, ओआरएम रोज लागतो. उपमेत निदान दोन चुका होत्या. पण त्या कुणाला सांगणार? सरांनीसुद्धा पुढच्या क्लायंटला काकाच सांगितला.

तिन्ही डेटाबेसना तिने नावं दिली होती, बर्फ, डिझेल आणि कंपनी. प्रत्येकाची जोडणी वेगळी, प्रत्येकाचं सेशन वेगळं, म्हणजे प्रत्येकाशी चाललेलं बोलणं वेगळं ठेवायचं, ही मांडणी माझी. बर्फाच्या सेशनमधून आणलेली होडी डिझेलच्या सेशनमध्ये साठवायला गेलं की ओआरएम चिडतो, ही वस्तू दुसऱ्याची आहे म्हणतो. तसं होऊ नये म्हणून मी एक नियम केला आणि तो इंग्रजीत, व्यवस्थित, फाइलच्या सुरुवातीला लिहून ठेवला. तांडेलने तो वाचला आणि ऑफिसभर ऐकू जाईल असं म्हणाली, "म्हणजे माहेरचं माहेरी, सासरचं सासरी." झालं. नियम माझा राहिला, वाक्य तिचं झालं, आणि लोकांच्या लक्षात वाक्य राहतं.

माझंही एक वाक्य होतं. बर्फाचा डेटाबेस जुना होता. दुपारी काउंटरवरचा कारकून जेवायला गेला आणि बराच वेळ कुणी काही विचारलं नाही की तो जोडणी परस्पर तोडून टाकायचा. मग कारकून परत येऊन पहिलं बटण दाबायचा आणि स्क्रीनवर मोठी लाल चूक यायची. प्रत्येक प्रश्नाआधी जोडणी जिवंत आहे का ते पाहायची सोय मी केली. तांडेलने विचारलं, काय केलंस? आणि का कोण जाणे, त्या दिवशी माझ्या तोंडून सरळ मराठीच आलं. मी म्हणाले, "आधी हाक मारायची. ओ दिली तर बोलायचं. नाही दिली तर पुन्हा दार वाजवायचं." मला स्वतःलाच नवल वाटलं. ती म्हणाली, वा गो. दुसऱ्या दिवशी शेठच्या केबिनमध्ये तेच वाक्य तिच्या तोंडून ऐकलं, वर "तोबी जेवून झोपतो, माणूसच हाय" अशी जोड देऊन. शेठ खळखळून हसले. तिने माझ्याकडे बघून डोळा मारला, जणू त्या हसण्यात आमची भागी होती. तिच्याकडे वाक्यं ढिगाने होती. माझ्याकडे ते एकच होतं.

कोड ती स्वयंपाकासारखा लिहायची. भराभर, अंदाजाने, आणि ओटा न पुसता. कुठे टीप नाही, व्हेरिएबलना नावं म्हणजे 'बघू', 'परत', 'हे२'. ओआरएम असताना मध्येच कुठेतरी त्याला वगळून डेटाबेसला थेट क्वेरी लिहून मोकळी व्हायची. मी सकाळी लवकर येऊन ते सगळं नीट लावायचे. एकदा मी तिच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले आणि धीर करून म्हणाले की हे असं लिहिलं तर पुढे कुणाला कळणार नाही. ती म्हणाली, "तू आहेस ना." हे ती वारंवार म्हणायची, तू आहेस ना. यात माझं कौतुक होतं की मला गृहीत धरणं होतं, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. दोन्ही असावं. आणि हेही लिहायला हवं की तिच्या त्या ओबडधोबड कोडमधून स्क्रीनवर जे यायचं, ते काउंटरवरच्या कारकुनाला पहिल्या दिवशी कळायचं. माझे स्क्रीन सुंदर असायचे आणि तो त्यांना हात लावायला घाबरायचा.

खरं अवघड काम पुढेच होतं. तीन डेटाबेसमधलं एकच गिऱ्हाईक ओळखायचं कसं? तिन्हीकडचे क्रमांक वेगळे, नावं वेगळी. मी तिन्ही डेटाबेस चाळले आणि तिन्हीकडे सारखी सापडेल अशी एक गोष्ट मला मिळाली, मोबाइल नंबर. तोच दुवा धरायचा, असं मी ठरवलं. तांडेल त्या आठवड्यात मावसबहिणीच्या बाळंतपणासाठी गुहागरला गेली होती. तिला फोन करता आला असता. केला नाही. पूर्ण माझं असं एक तरी काम मला हवं होतं. सगळं मी एकटीने लिहिलं, चाचणीला थोडी नावं घेतली, ती चपखल जुळली, आणि मी सरांना काम झालं म्हणून सांगितलं. ती परत आली तेव्हा ते ॲप्लिकेशन काउंटरवर बसलेलं होतं.

पावसाळी मासेमारीबंदी उठली आणि हंगाम उघडला, त्या सकाळी सरांनी आम्हां दोघींना बर्फाच्या कारखान्यावर पाठवलं होतं. जेटीला होड्या एकमेकींना घासून उभ्या होत्या. बर्फ घेतल्याशिवाय कुणी निघू शकत नाही, आणि सुरुवातीला बर्फ पुरत नाही, म्हणून शेठचा नियम असा की एका गिऱ्हाईकाला दिवसाला ठरावीक लाद्यांपेक्षा जास्त मिळणार नाहीत. तो नियम आमच्या प्रोग्राममध्येच घातलेला होता. पहिल्या होड्यांना बर्फ मिळाला. मग स्क्रीनवर आलं, मर्यादा संपली. पुढच्या होडीलाही तेच. त्याच्या पुढच्या होडीलाही. प्रोग्राम पावती देईना आणि पावतीशिवाय क्रशरवरचा माणूस लादी फोडेना. कारकुनाने गिऱ्हाईकाचं नाव उघडून पाहिलं, तर समोरच्या वाडीतल्या जवळजवळ सगळ्या होड्या एकाच माणसाच्या नावावर होत्या. तो माणूस म्हणजे वाडीतला किराणा दुकानदार भिकाजी, ज्याला होडीत पाय ठेवला की मळमळतं.

कारण साधं होतं, आणि मला ते ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. माणसं समुद्रावर असली की फोनला रेंज नसते. मग कुणीही नंबर विचारला की वाडीतले तांडेल स्वतःचा देतच नाहीत, भिकाजीचा देतात. दुकान सकाळपासून उघडं असतं, निरोप घरोघर पोचतो. बर्फाला तोच नंबर, डिझेलला तोच, कंपनीला तोच. माझ्या ओआरएमने तो नंबर पाहिला आणि सगळी वाडी एका माणसात गोळा केली.

खिडकीबाहेरून कुणीतरी ओरडलं, "काय ओ शेठ, भिकाजीनं वाडी विकत घेतली काय?" मागून हशा आला, पण तो चांगला हशा नव्हता. भरती उतरायच्या आत लोकांना निघायचं होतं. शेठ जिना उतरून खाली आले. त्यांचा आवाज मी तोवर चढलेला ऐकला नव्हता. "कुणी केलं हे?"

माझं वाक्य तयार होत होतं. ते इंग्रजीत तयार झालं होतं, मराठीत येत होतं. तेवढ्यात तांडेल म्हणाली, "माझ्या हातनं झालं, शेठ."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती म्हणाली, "वाडीतली पोर मी, भिकाजीकाकाचा नंबर मला पाठ. तरी चुकले. आता असं करा, आजचा दिवस त्या कॉम्प्युटरवर टॉवेल टाका आणि तोंडी बर्फ सोडा. कुणाला किती ते मी इथं उभी राहून सांगते. तोंडं ओळखते मी सगळ्यांची." आणि तिने खरंच कारकुनाच्या खांद्यावरचा टॉवेल घेऊन मॉनिटरवर टाकला.

शेठ हसायला लागले. म्हणाले, "आजवर आलेले सगळे सॉफ्टवेअरवाले कॉम्प्युटर चुकला म्हणाले. हातनं झालं म्हणणारी ही पहिली." रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "तांडेलाची पोर हाय ती." क्रशर सुरू झाला. ती दारात उभी राहून हाका मारत होती, कुणाला किती लाद्या ते सांगत होती, कुणी जास्त मागितल्या तर त्याची आई काढत होती, आणि ते लोक खूश होते. टॉवेलखालच्या मॉनिटरशेजारी मी उभी होते. मला कुणी काही विचारलं नाही.

परत येताना ती माझ्या स्कूटरवर मागे बसली होती. साळवी स्टॉपचा चढ लागला तेव्हा मी म्हणाले, "तू का बोललीस?" मी तिला आपणहून विचारलेला हा बहुधा पहिला प्रश्न.

"तू बोलत नव्हतीस म्हणून."

"मी बोलणार होते."

"कधी? होड्या परत आल्यावर?" ती हसली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "चूक मोकळी सोडायची नसते गो. कुणाच्या तरी अंगावर घालायची, मग माणसं कामाला लागतात. माझं अंग मोठं हाय."

मला तिचे उपकार वाटायला हवे होते, हे मला कळत होतं. वाटले नाहीत. मला वाटलं, हिने तेही नेलं. त्या सबंध ॲप्लिकेशनमध्ये माझं इतकं काम होतं, पण ते नीट चालत असेपर्यंत दिसत नाही. ओआरएमचा गुणच तो, तो आहे हे कुणाला कळता कामा नये. बंदरावरच्या लोकांना त्यातली दिसलेली, कळलेली, आठवणीत राहिलेली अशी एकच गोष्ट होती आणि तीसुद्धा आता तिच्या नावावर होती. पुढे महिनाभर जेटीवर तिला लोक मुद्दाम थांबवायचे. "काय गो, आज कुणाला कुणाच्यात घातलंस?" ती म्हणायची, "तुला तुझ्या सासूच्या." चुकीने माणूस लहान होतो असं मला शाळेत शिकवलं होतं. ती चुकीने मोठी झाली, आणि चूक तिची नव्हती.

त्या सकाळनंतर चारच दिवसांनी शेठनी तिच्यासाठी सुरमई पाठवली. तिने ऑफिसच्या मोरीत ती बरोबर मधोमध कापली आणि शेपटीकडचा नव्हे, डोक्याकडचा भाग पिशवीत घालून माझ्या टेबलावर ठेवला. "अर्धी तुझी," ती म्हणाली. "चूक तुझी होती ना." आईने तिखलं केलं, दोन तुकड्या तळल्या. बाबांनी विचारलं कुणी दिली, मी म्हणाले क्लायंटने. सुरमई ताजी होती. मी दोन्ही तुकड्या खाल्ल्या आणि रागातच खाल्ल्या.

गुंता सोडवायला आम्ही वाडीत गेलो. ती अंगणाअंगणात बसायची, लोक तिला सगळं सांगायचे, मी मागे उभी राहून ऐकायचे. जाळी विणत बसलेल्या एका बाईने मात्र मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "होडी सासऱ्याच्या नावानं. डिझेल दिराच्या. मासळी मी घालते, ती माझ्या. मग आमाला तू कोण म्हणून लिवणार?" तांडेल काहीतरी विनोद करून पुढे सरकली. मी तिथेच उभी राहिले. बर्फाच्या डेटाबेसमध्ये गिऱ्हाईक म्हणजे होडी होती, डिझेलमध्ये परवानाधारक पुरुष, कंपनीत मासळी घालणारी बाई. तिघं वेगळे होते आणि कुणीच खोटं नव्हतं. मी आजवर तिघांपैकी खरं गिऱ्हाईक कोण ते शोधत होते.

मी 'घर' नावाची नवी गोष्ट केली. ती तिन्ही डेटाबेसपैकी कुठेच नव्हती. तिच्यासाठी एक चौथा छोटा डेटाबेस केला. त्यात फक्त घर, आणि त्या घराची होडी, परवाना आणि मासळी घालणारी व्यक्ती कुठल्या डेटाबेसमध्ये कुठल्या क्रमांकावर आहे, एवढंच. जुन्या कशाला हात लावला नाही. आजतागायत ते एकदाही अडलेलं नाही. सरांना दाखवलं तेव्हा ते तिच्याकडे वळून म्हणाले, "तांडेल, छान काढलंस हे."

"मी नाय सर, हिनं," ती म्हणाली.

ती खरं बोलली होती. लगेच, स्पष्ट आणि मोठ्या आवाजात. पण तिच्या तोंडून ते तिच्या मोठेपणासारखंच ऐकू आलं. सर तिच्याकडे कौतुकाने बघत राहिले. सांगितलं नाही तरी तिचं आणि सांगितलं तरी तिचं, असं होतं ते.

मग ती जायची ठरली. तिचा नवरा लोट्याला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात शिफ्टला होता आणि ती दोघं आठवड्यातून एकदाच भेटायची. तिकडच्याच एका कारखान्यात कॉम्प्युटर विभागात तिला जागा मिळाली. माझ्या मनात आधी काय आलं ते लिहिते, आता मला जागा होईल. मग लगेच सकाळी लवकर येऊन मी कुणाचा कोड नीट लावणार, हा प्रश्न आला आणि तो प्रश्न मला आवडला नाही. हल्ली फोनवर मी कधी कधी "बाण कुठं गेला?" असं विचारते. काका हसतात. मला कळतं की ते तिच्या आठवणीने हसताहेत.

निरोपाचा चहा शेठनीच ठेवला, कारखान्याच्या वरच्या केबिनमध्ये. वडे मागवले होते. आमचे सर होते, कारकून होता, आणि शेठचे एक मित्र आले होते, हर्णैकडचे, त्यांचेही असेच दोन-तीन धंदे. त्यांना तिकडे हेच ॲप्लिकेशन बसवून हवं होतं. पण त्यांना शंका होती. ज्या बाईने केलं तीच चालली, मग आमच्याकडे कोण करणार? सर म्हणाले, त्याची काळजी नको, मी कोल्हापूरहून एक अनुभवी माणूस आणतोय, ही मुलगी आहेच त्याच्या हाताखाली. ही मुलगी म्हणजे मी. मी वड्यांच्या बशा फिरवत होते. माझंच काम मला त्या माणसाला आधी समजावून द्यायचं होतं आणि मग त्याने ते माझ्याकडून करून घ्यायचं होतं.

शेठ मित्राला म्हणाले, "अरे, माणसाची पारख चुकीवरनं होते. हिनं काय केलेलं माहितीय?" आणि त्यांनी ती गोष्ट सुरू केली. हंगामाचा पहिला दिवस, भिकाजी, टॉवेल, सगळं. एव्हाना त्या गोष्टीला पुष्कळ शेपट्या फुटल्या होत्या. मित्र हसत होते, सर हसत होते. तांडेल हसत नव्हती. तिच्या हातात अर्धा वडा होता, तो तिने बशीत ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी तिला इतकी वर्षं बघत आले होते. ती आता काय करणार ते मला कळलं. ती सांगणार होती. जाता जाता सगळ्यांसमोर ती मला माझी चूक परत देणार होती, आणि ती दिली असती तर शेठ म्हणाले असते, बघा, केवढं मन, आणि ते पुन्हा तिचंच झालं असतं, कायमचं.

तिने तोंड उघडलं. मी बशा टेबलावर ठेवल्या. वाक्य डोक्यात कुठल्याच भाषेत तयार नव्हतं.

"शेठ, वाडीतल्या सगळ्या होड्या मी एक केल्या होत्या," मी म्हणाले. "तिनं नाही. आणि हर्णैचं कामही मीच करणार."